पाचगणीच्या अल्बममधला खेळाडूंचा फोटो: क्रिकेट की बेसबॉल? आणि किती जुना?

यवतेश्वर_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. पाचगणीला एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं होतं. त्यातला एक अल्बम मी साताऱ्यातल्या ओळखीच्या जुन्या सामानवाल्याकडून घेतला. चामड्याची बांधणी, पितळी कडी, जाड पुठ्ठ्याची पानं. प्रत्येक पानाला खिडकी कापलेली आणि तिच्यात सरकवलेला फोटो, पत्त्याच्या पानाएवढा, उंचीला जरा जास्त. बहुतेक सगळे गोऱ्या माणसांचे आहेत. पाद्री, घेरदार झग्यातल्या बायका, खुर्चीवर उभं केलेलं एक लहान मूल.

मधल्या एका पानावर मात्र नऊ पुरुषांचा गट आहे. पांढुरके शर्ट, छातीवर बटणांनी लावलेली ढालीच्या आकाराची काळी पट्टी, तिच्यावर इंग्रजी यू. रुंद पट्टे आणि लांब विजारी. पुढच्या रांगेतल्या एकाच्या हातात चेंडू आहे, कडेच्या दोघांनी लांब गोल दांडकी उभी धरली आहेत. विकणारा म्हणाला, साहेब लोकांची क्रिकेट टीम आहे. मला ते पटलं नाही. पॅड नाहीत, स्टंप नाहीत, बॅटही चपटी नाही.

फोटोच्या मागं फोटोग्राफरचं नाव छापलंय, खाली 'यूटिका, एन. वाय.', म्हणजे अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्य. त्याखाली एक हिरवं तिकीट चिकटवलंय. त्यावर कुणा माणसाचं तोंड आहे आणि वरून शाईच्या रेघोट्या मारलेल्या आहेत. तिकीट वाफेवर धरून काढलं तर खालची छपाई वाचता येईल असं भाऊ म्हणतोय. काढू का? हा खेळ कुठला, फोटो किती सालचा, आणि तो पाचगणीपर्यंत कसा आला असेल? या नऊ जणांपैकी कुणाचं तरी नाव शोधता येईल का? मला ते खरंच जाणून घ्यायचंय.

कोयनाकाठ (कराड)

ताई, बेसबॉलच आहे हो हा. माझ्या वाचनात असं आलं होतं की स्पॉल्डिंग नावाच्या माणसानं १८८८-८९ मध्ये अमेरिकेच्या दोन टीम जगभर फिरवल्या होत्या. ते मुंबईला उतरले असतील आणि थंड हवेसाठी महाबळेश्वर-पाचगणीला आले असतील. तेव्हाचा फोटो असण्याची शक्यता मोठी. यू म्हणजे युनायटेड स्टेट्स!

जुना_कॅमेरा (सांगली)

ताई, आधी एक सांगतो, बाकीचं नंतर. तिकिटाला हात लावू नका. वाफ नको, पाणी नको, खोडरबर तर नकोच नको. तुमच्या फोटोचं वय सांगणारी सगळ्यात पक्की खूण तीच आहे. आणि त्या रेघोट्या म्हणजे कुणी केलेली घाण नव्हे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा खर्च भागवायला तिथल्या सरकारनं सप्टेंबर १८६४ पासून फोटोंवर कर बसवला. पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंटचं तिकीट, पन्नासपर्यंतच्याला ३ चं, डॉलरपर्यंतच्याला ५ चं. ऑगस्ट १८६६ मध्ये हा कर उठला. म्हणजे मागं असं तिकीट असलेला फोटो त्या दोन वर्षांच्या आतच विकला गेला, ना आधी ना नंतर. तुमचं तिकीट हिरवं आहे म्हणजे बहुधा ३ सेंटचं, आणि तोंड जॉर्ज वॉशिंग्टनचं. तिकीट काढून पुन्हा वापरू नये म्हणून फोटोग्राफरनं त्यावर आपली आद्याक्षरं आणि तारीख शाईनं घालायची असा कायदा होता. घाईतले लोक नुसती फुली मारून मोकळे व्हायचे, पण काहीजण कायदा पाळायचे. भिंग घ्या, खिडकीशी जा, फोटो जरा तिरका धरा आणि त्या रेघोट्यांमध्ये अक्षरं दिसतात का बघा.

मी गणपती पेठेत स्टुडिओ चालवला, वडिलांपासूनचा. जुन्या छपाईच्या पद्धती शिकता शिकता अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलच्या फोटोंकडे वळलो आणि तिथंच रमलो. तो खेळ आणि फोटोग्राफी दोन्ही एकाच काळात वाढली. एकाकडं नीट बघितलं की दुसऱ्याचं वय कळतं, आणि यात मला आजही तितकाच आनंद आहे.

कोयनाकाठ, तुमची आठवण अर्धी बरोबर आहे. स्पॉल्डिंगचा दौरा झाला. नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ते निघाले. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया करून कोलंबोला खेळले. पुढं कलकत्त्याचा बेत होता, तो रद्द झाला आणि ते थेट सुवेझकडं गेले. ९ फेब्रुवारी १८८९ ला पिरॅमिडच्या पायथ्याशी सामना झाला. स्फिंक्सच्या अंगावर चढून बसलेल्या त्या खेळाडूंचा फोटो प्रसिद्ध आहे. भारतात त्यांचं पाऊल पडलंच नाही. आणि ताईंचा फोटो त्याच्याही वीसेक वर्षं आधीचा दिसतोय.

तिकीट बाजूला ठेवलं तरी कपडे तेच सांगतात. लांब विजारी बघा. गुडघ्यापर्यंतची आखूड विजार आणि लांब रंगीत मोजे ही चाल सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज क्लबनं १८६८ च्या सुमाराला पाडली. हाच क्लब १८६९ मध्ये उघडपणे पगारी खेळाडू घेऊन उतरला आणि त्या वर्षी एकही सामना हरला नाही. त्यांनी आखूड विजारी घातल्यावर हळूहळू सगळ्यांनी घातल्या. छातीवरची बटणाची ढाल आणि तिच्यावर क्लबचं अक्षर हीसुद्धा साठच्या दशकातली ठळक खूण. हातमोजा कुणाच्याच हातात नसणार. हातमोजे आले १८७५ नंतर, तेसुद्धा बोटं कापलेले. यष्टिरक्षकासारखा मागं उभा राहणारा कॅचर तेव्हा उघड्या हातांनी झेल घ्यायचा आणि तोंडावरची जाळी तर १८७० च्या दशकाच्या शेवटी आली.

काळी पट्टी काळीच असेल असं धरून चालू नका. त्या वेळच्या ओल्या काचेच्या प्लेटला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं कापड फोटोत काळं यायचं आणि निळं फिकट पांढरट. त्यामुळं तुमची ढाल लाल असण्याची शक्यता चांगली आहे, निळी असण्याची मात्र जवळजवळ नाही. वर्तमानपत्रात क्लबच्या पोशाखाचं वर्णन सापडलं तर हे उपयोगी पडेल.

आता भिंगातून दोन ठिकाणं बघा. उभ्या माणसांच्या बुटांमागं लोखंडी बैठकीचा पाय दिसतो का? प्लेटला काही सेकंद लागायचे, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागं एक खांब असायचा आणि त्याचा चिमटा डोक्याला लावायचे. फ्रेममध्ये त्याचा पाय बऱ्याचदा राहून जायचा. दुसरं म्हणजे चेंडूची शिवण. हल्लीच्या बेसबॉलचं कातडं दोन तुकड्यांचं असतं. त्या काळात एकाच तुकड्याचे चेंडू फार, मोसंबीची साल चार फाकांत सोलून पुन्हा मिटवावी तशी त्याची शिवण चौफुलीसारखी एका टोकाशी भेटते. बोटांच्या फटीतून ती चौफुली दिसली तर मला नक्की कळवा. चेंडूही आजच्यापेक्षा थोडा मोठा असायचा.

खरा की नक्कल हेही तपासूया, कारण अशा फोटोंच्या नकला खूप फिरतात. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापखान्याची नक्कल. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या लेपाचा खरा कागद अगदी पातळ असतो, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग तपकिरी-जांभळट, कडेला पिवळा, आणि त्याच्यावर केसासारख्या बारीक भेगा. दुसरी चाचणी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची. साधारण १९५० नंतरच्या कागदात चमक आणणारी रसायनं घालतात, त्या दिव्याखाली तो निळसर पेटतो. जुना कागद मख्ख राहतो. आणि कार्डाचे कोपरे चौकोनी आहेत की गोल केलेले, तेही सांगा. साठच्या दशकात चौकोनी, गोल कोपऱ्यांची चाल नंतरची.

यवतेश्वर_पायथा (सातारा)

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. भावाला तिकिटापासून लांब ठेवलंय. कोपरे चौकोनी आहेत, कडेनं दोन बारीक सोनेरी रेघा आहेत. डाव्या बाजूच्या उंच माणसाच्या बुटामागं खरंच काहीतरी वाकडं लोखंडी दिसतंय, मला ती खुर्ची वाटली होती. बँकेतल्या मैत्रिणीकडून दिवा आणते. यू चा अर्थ काय असू शकतो?

जुना_बाजार

ताई, माझा सल्ला ऐका. अमेरिकेत अशा फोटोला चांगली किंमत येते. एकटा तो फोटो काढून ऑनलाइन लिलावात टाका, बाकीचे पाद्री वगैरे इथंच किरकोळीत निघतील. जास्त खोलात गेलात तर वर्षं जातील. हवं तर काचेच्या फ्रेममध्ये किंवा लॅमिनेशन करून ठेवा म्हणजे खराब होणार नाही.

जुना_कॅमेरा (सांगली)

जुना_बाजार, विकायचं की नाही हा ताईंचा प्रश्न, त्यात मी बोलणार नाही. पण अल्बम फोडू नका हे मात्र मी हात जोडून सांगेन. त्या नऊ जणांची नावं कळण्याची सगळ्यात मोठी आशा शेजारच्या पानांवर आहे. ज्यानं हा फोटो जपून सातासमुद्रापार आणला तो त्यातलाच एक असेल, नाहीतर त्याचा भाऊ. तो माणूस याच अल्बममध्ये पुढं कुठंतरी साध्या कपड्यात भेटू शकतो. पाद्र्यांचे फोटो किरकोळीत गेले की तो दुवा कायमचा तुटला. लॅमिनेशन तर अजिबात नको. गरम प्लास्टिक एकदा बसलं की ते निघत नाही.

ताई, आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्याच क्रमानं. मग एकेक कार्ड सावकाश सरकवून मागची बाजू टिपा आणि त्याच खिडकीत परत ठेवा. कार्ड अडलं तर ओढू नका. पेन्सिलीतलं पुसट अक्षर दिसलं तर दिवा बाजूनं धरून पुन्हा फोटो काढा. आणि चेहरे जुळवताना दाढीमिशांवर जाऊ नका, कान बघा. दाढी येते-जाते, पोट सुटतं, केस जातात, पण कानाची पाळी आणि वरची घडी तशीच राहते. पासपोर्ट फोटो काढण्यात आयुष्य गेलं माझं, चेहऱ्यापेक्षा कान मला जास्त लक्षात राहतात.

यू बद्दल. दोन शक्यता सरळ दिसतात. एक म्हणजे गावाचं नाव, यूटिका. १८६० च्या दशकात तिथं त्या नावाचा क्लब होता. दुसरी 'युनियन'. युद्धात उत्तरेकडची बाजू युनियनची, त्यामुळं त्या नावाचे क्लब गावोगाव निघाले. शिवाय फोटोग्राफर यूटिकाचा म्हणून टीम यूटिकाचीच असं होत नाही. आसपासच्या गावची पोरं शहरात येऊन फोटो काढून जायची. सांगलीत माझ्याकडं तासगाव, कवठे महांकाळहून कबड्डीचे संघ यायचे, ढाल जिंकली की थेट स्टुडिओत.

म्हणून आता वर्तमानपत्रं. न्यूयॉर्क राज्यातली जुनी वर्तमानपत्रं 'फुल्टन हिस्टरी' नावाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. यूटिकातून तेव्हा 'मॉर्निंग हेरल्ड' आणि 'ऑब्झर्व्हर' निघायची. शोधताना बेसबॉल हे दोन शब्द करून टाका, तेव्हा तसंच लिहायचे. यंत्रानं वाचलेला मजकूर असल्यानं अक्षरं चुकलेली असतात, म्हणून क्लबच्या नावानं काही मिळालं नाही तर शेजारच्या गावांची नावं टाकून बघा. सामन्याचा तक्ता मिळाला की त्यात नुसती आडनावं दिसतील आणि पुढं दोन रकाने, एक बाद झाल्याचा आणि एक धावांचा. हा तक्ता रुळवण्यात हेन्री चॅडविकचा वाटा मोठा. मूळचा इंग्लंडातल्या एक्सेटरचा, आधी क्रिकेटची बातमीदारी करायचा, म्हणून आपल्याला तो धावफलक ओळखीचा वाटतो. चाळीस-तीस अशी धावसंख्या दिसली तर छपाईची चूक समजू नका. गोलंदाज पंचेचाळीस फुटांवरून हात खाली ठेवून टाकायचा आणि हातमोजे नसल्यानं झेल सुटायचे.

आडनावं हाती लागली की यूटिकाच्या त्या वर्षीच्या शहर-सूचीत ती शोधायची. त्या सूचीत माणसाचं नाव, धंदा, राहायची गल्ली असं सगळं छापलेलं असायचं. न्यूयॉर्क राज्यानं १८६५ मध्ये स्वतःची शिरगणतीही केली होती, तीही उपयोगी. मग कळतं की पहिल्या तळावर उभा राहणारा कारकून होता की कोष्टी. मला या सगळ्यात हेच जास्त मोलाचं वाटतं. प्रसिद्ध खेळाडूंची कार्डं तर पुस्तकांत छापून आलीच आहेत.

तसं एक माझ्याकडंही आहे, भाच्यानं न्यू जर्सीहून आणलेलं. ओल्ड जज सिगारेटच्या पाकिटात १८८६ ते १८९० च्या दरम्यान असे छोटे खरे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून घालायचे. माझ्या कार्डावर खेळाडू दोन्ही हात वर करून झेल घेतोय. पाठीमागं रंगवलेला पडदा, पायाखाली गालिचा. आणि चेंडू? तो छताला दोऱ्यानं टांगलाय. भिंग लावलं की चेंडूच्या वर तो दोरा स्पष्ट दिसतो. आमच्या स्टुडिओतही पडदे आणि गालिचे होते, म्हणून त्या फोटोग्राफरचं काम मला घरचं वाटतं. पण ताई, त्या खेळाडूचं नाव कार्डावर छापलेलंच आहे, त्याच्यावर लिहूनही भरपूर झालंय. तुमच्या नऊ जणांसाठी अजून कुणी काहीच केलेलं नाही.

ठेवण्याबद्दल थोडं. साताऱ्याचा पाऊस लक्षात घ्या. पलंगाखालच्या पेटीत किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात अल्बम नको. बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. साध्या प्लास्टिकच्या पिशव्या वासट आणि चिकट होतात, त्या टाळा. आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, आतल्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवा. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या स्टुडिओत आलं तेव्हा खालच्या कप्प्यातली पाकिटं एकमेकांना चिकटून दगड झाली, वरच्या फळीवरची वाचली.

आणि पुढं कधी असे फोटो विकत घेतलेत तर मागं पुसलेला शिक्का आहे का ते बघा. स्पॉल्डिंगचा मोठा संग्रह १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाला होता. त्यातले फोटो आणि पत्रं पुढं चोरीला गेली, त्यातलं काही बाजारात फिरताना सापडलं. खरवडलेली जागा दिसली तर वस्तू परत करा, कितीही आवडली तरी.

कोयनाकाठ (कराड)

काका, दौऱ्याची दुरुस्ती मान्य. एक विचारतो. तेव्हाचे नियम आजच्यासारखेच होते का?

जुना_कॅमेरा (सांगली)

बरेच वेगळे होते. एक तुम्हाला आवडेल. आपण गल्लीत 'एक टप्पा आऊट' खेळतो ना, तसाच त्यांचा खरा नियम होता. टप्पा पडून झेल घेतला तरी फलंदाज बाद. डिसेंबर १८६४ मध्ये क्लबांच्या बैठकीत तो बदलला आणि १८६५ च्या हंगामापासून मैदानातला सरळ फटका हवेतच झेलावा लागायचा. उघड्या हातांनी! ताईंच्या फोटोवर १८६५ ची तारीख निघाली तर ही मंडळी त्या नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात खेळलेली. वर्षही मोठं घडामोडीचं. एप्रिलमध्ये युद्ध संपलं, पोरं घरी आली आणि खेळ एकदम पसरला. १८६५ च्या डिसेंबरमधल्या बैठकीला ९१ क्लब होते, पुढच्या वर्षी २०२.

यवतेश्वर_पायथा (सातारा)

काका, दिव्याखाली कागद मख्ख राहिला! ठिपके नाहीत, बारीक भेगा आहेत. चेंडूवर चौफुली दिसते, मधल्या बोटाच्या अगदी शेजारी.

आणि शाई वाचता आली. तिकिटावर दोन आद्याक्षरं आहेत, ती खाली छापलेल्या फोटोग्राफरच्या नावाशी जुळतात. खाली 'ऑक्टो.' आणि '६५'. दिवसाचा आकडा मात्र तिकिटाच्या कडेला कापला गेलाय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळी पानं क्रमानं टिपली. चेंडू हातात धरलेला जो माणूस आहे, त्याच्या उजव्या कानाची वरची कड सपाट आहे, दुमडल्यासारखी. चार पानं पुढं एक दाढीवाला पाद्री बायकोशेजारी बसलाय, त्याचाही उजवा कान हुबेहूब तसाच. त्या फोटोच्या मागं मुंबईच्या स्टुडिओचा शिक्का आहे. आई आणि भाऊ दोघांनीही न सांगता तोच माणूस दाखवला. नाव कुठंच नाही, पण पाद्रीणबाईंच्या कार्डामागं पेन्सिलीत मोडी अक्षरांसारखं काहीतरी लिहिलंय.

जुना_कॅमेरा (सांगली)

ताई, फार सुंदर काम केलंत. आद्याक्षरं जुळली आणि महिना-वर्षही हाती आलं, यापेक्षा चांगला पुरावा अशा फोटोला क्वचित मिळतो. आता या टीमला ऑक्टोबर १८६५ च्या आसपास शोधायचं. हंगाम संपताना फोटो काढलाय, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची वर्तमानपत्रं आधी बघायची.

कानावरून तो तोच माणूस असावा असं मलाही वाटतं, पण फोटोवर त्याचं नाव अजून लिहायचं नाही. आधी तो पाद्री कोण ते पक्कं करू. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होतं, पुढं वाईतही काम होतं, आणि उन्हाळ्यात ही कुटुंबं घाटावर जायची. मिशनचे वार्षिक अहवाल इंटरनेटवर सापडतात, त्यात कोण कुठल्या ठाण्यावर होतं ते छापलेलं असायचं. मूळ कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. यूटिकाजवळ क्लिंटन गावात हॅमिल्टन कॉलेज आहे, तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या यादीतही पाद्री झालेल्यांची नावं मिळतील. अहवालातलं एखादं आडनाव तिथं आलं आणि तेच यूटिकाच्या सामन्याच्या तक्त्यातही दिसलं, तर मग लिहायचं.

पेन्सिलीच्या मजकुराचा बाजूनं उजेड टाकून मोठा फोटो इथं टाका. मोडी असेल तर कोयनाकाठच्या ओळखीत वाचणारे आहेत, असं त्यांनी मागं एका धाग्यात लिहिलं होतं. अहवालांमधून साताऱ्याच्या ठाण्यावरची १८६५ नंतर आलेल्यांची नावं तुम्ही काढा. ऑक्टोबर १८६५ चा 'मॉर्निंग हेरल्ड' मी आज रात्रीपासून बघायला घेतो.